आबांच्या तेरवीचा खवा

आबांच्या तेरवीला गुलाबजाम करायचे, ही कल्पना माझी. म्हणजे मुळात ती परभणीतले आमचे शेजारी व्यंकटराव यांची होती. पण पुढं जे काही झालं ते पाहून त्यांनी ती कायमची माझ्या नावावर करून टाकली.

आबा म्हणजे माझे वडील, सूर्यभान गिराम, राहणार राणीसावरगाव. भर वैशाखात दुपारी शेतातून आले, ओसरीवर टेकले, पाणी मागितलं, आणि माय पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत गेले. कुणाला त्रास द्यायचा नाही हा त्यांचा स्वभाव होता. तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. त्रास द्यायचं काम मग माझ्याकडं आलं.

दहावा गंगाखेडला गोदावरीवर झाला, अस्थीही नदीत सोडल्या. तिथंच मी आणि माझा थोरला भाऊ बन्सीधर, दोघांनी डोकी भादरली. बन्सीभाऊ गावात राहून शेती बघतो आणि मी परभणीला जिल्हा परिषदेत कारकून आहे. नदीवरून परतताना तो म्हणाला, "तेरवीला लापशी अन् आमटी. आबाला तेच पटलं असतं." मी "बघू" म्हणालो. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाच्या तोंडून दुसरं काही निघत नाही.

रजेचा अर्ज द्यायला मी परभणीला आलो, तेव्हा व्यंकटराव भेटायला आले. ते तहसिलीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर साहेबांपुढं कागद ठेवल्यामुळं कुठल्याही बाबतीत त्यांचं मत तयार असतं. थोडा वेळ आबांबद्दल बोलून ते मुद्द्यावर आले.

"चंद्रभान, तेरवीला काय ठरवलंय?"

"लापशी."

त्यांनी खेदानं मान हलवली. इतका खेद त्यांना आबांच्या बातमीनंही झाला नव्हता. "लापशी भावाची झाली. त्याचे गहू, त्याचा गूळ. नोकरीवाल्या पोरानं काय केलं, हे लोक पंगतीत बसल्यावर बघतात. गुलाबजाम करा. आणि खवा परभणीचा घेऊ नका, त्यात रताळं असतं. गंगाखेडचा तर मुळीच नको, त्यात बटाटा. पूर्णेचा घ्या. रेल्वेवाल्यांच्या म्हशींचा."

रेल्वेवाल्यांच्या म्हशींत असं काय वेगळं असतं ते मी विचारलं नाही. दुःखात माणूस फारशा चौकशा करत नाही. माझ्या बायकोनं, सुमननं, मात्र केल्या. ती म्हणाली, "असल्या उन्हात खवा पूर्णेहून सावरगावापर्यंत टिकंल का?" व्यंकटराव म्हणाले, "वहिनी, ओल्या फडक्यात गुंडाळला की खवा आपल्यापेक्षा जास्त टिकतो." सुमन गप्प बसली. तिची अशी गप्प बसायची पद्धत मला चांगली माहीत आहे, आणि तिचा अर्थ मला नेहमी उशिरा कळतो. दुसऱ्या दिवशी ती पोरांना घेऊन सरळ सावरगावला गेली, आणि मी त्याच्या अगदी उलट दिशेला, पूर्णेला.

खवा चांगला होता, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. दोन मोठे पत्र्याचे डबे भरून, ओल्या फडक्यात गुंडाळून, तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळी मी आगगाडीत बसलो. भादरलेलं डोकं आणि मांडीजवळ दोन डबे, त्यामुळं डब्यातल्या सगळ्यांना माझ्याशी बोलायचा हक्क मिळाला. कोण गेलं, कशानं गेलं, दवाखान्यात का नेलं नाही, हे झाल्यावर एका गृहस्थांनी खव्याचा विषय घेतला. फडकं फार ओलं झालंय, खव्याला घाम येईल, असं ते म्हणाले. समोरच्या बाई म्हणाल्या, फडकं कोरडं पडलंय, खवा फुटेल. मी एकदा पाणी शिंपडत होतो, एकदा पिळत होतो. त्यातच गाडी परभणीच्या पुढं माळावर उभी राहिली. का उभी आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. खिडकीतून वारा येत होता तो भट्टीजवळ बसल्यासारखा.

गंगाखेडला उतरून धावतपळत एसटी स्टँडवर आलो, तर फलाट रिकामे. कंट्रोलर टेबलावर पाय ठेवून बसला होता.

"सावरगावची गाडी?"

"बंद आहे. विद्यापीठाच्या नावावरून. गाड्या आगारात आहेत."

"सुटतील कधी?"

"वरून निरोप आला की." त्यानं माझ्या डोक्याकडं बघून पाय खाली घेतले, एवढीच सवलत मिळाली.

नामांतर व्हावं की होऊ नये, यावर स्टँडवर माणसं हळू आवाजात बोलत होती. मोठ्यानं बोलायचे ते दिवस नव्हते. शेजारच्या बाकावरचे दोघं मला बघून तेवढंही बोलायचे थांबले. मी डबे सावलीत ठेवले. सावली सरकली तसे सरकवले. दुपार कलायला लागली तेव्हा एका डब्याचं झाकण किंचित उघडून मी नाक आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. मग मनाची समजूत घातली, की हा वास स्टँडचाच असणार. दुसऱ्यांदा घातलं तेव्हा समजूत पटेना.

स्टँडसमोर सिताराम नावाच्या माणसाचं छोटं हॉटेल होतं. बंद म्हणून फळ्या अर्ध्या लावलेल्या, पण आत चूल चालू. मी डबे घेऊन त्याच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं खवा बोटावर घेऊन वास घेतला.

"आंबायलाय हे. साखर घालून परतून बघू का? वाचला तर वाचला. न्हाईतर आशा सोडा."

"घेणार किती?"

"काय घेऊ? डोकं बघायलोय की तुमचं." असं म्हणून त्यानं कढई चढवली.

मी बाकावर बसून चुलीकडं बघत होतो. दिवसभरात पहिल्यांदाच वाटलं, की जमेल. नेमकं त्याच वेळी दारात एक जीप थांबली.

आदल्या आठवड्यात तालुक्यात एका लग्नात मिठाई बाधून वऱ्हाडातली बरीच माणसं दवाखान्यात पडली होती, त्यातली एक म्हातारी गेली. तेव्हापासून अन्न निरीक्षक हॉटेलं तपासत फिरत होते. हे आले ते वयानं तरुण, चष्मा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला; बरोबर एक शिपाई. ते सरळ कढईपाशी गेले, झुकले, आणि माझ्यासारखेच लगेच मागं झाले.

"हा खवा कुणाचा?"

सिताराम उलथनं फिरवत राहिला. निरीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. "हॉटेलात, हॉटेलवाल्याच्या चुलीवर, विक्रीच्या वेळेत. हा हॉटेलचाच माल दिसतो. तुम्ही गिऱ्हाईक ना?"

एवढं "हो" म्हटलं असतं तर मी मोकळा होतो. गाडी सुटली असती, मी बसलो असतो. सितारामवर खटला झाला असता. मी मोठ्या मनानं खरं बोललो असं लिहायला मला आवडलं असतं. पण सिताराम त्या वेळी माझ्याकडं बघतच नव्हता. बघून हात जोडले असते, तर मला खोटं बोलायला कदाचित सोपं गेलं असतं.

"माझा आहे," मी म्हणालो. "घरच्या कामाला. उद्या वडिलांची तेरवी आहे."

"एवढा खवा? व्यापारी आहात का?"

"मी जिल्हा परिषदेत कारकून आहे." हे मी जरा ताठ होऊन सांगितलं.

"मग तुम्हाला सांगायला नको. विक्रीसाठी नाही याला पुरावा लागेल."

मी झुकून भादरलेलं डोकं पुढं केलं. ते शांतपणे म्हणाले, "डोकं हा पुरावा होत नाही. तिरुपतीहून आलेलेही असेच दिसतात. मृत्यूचा दाखला आहे?"

दाखला नव्हता. आमचे ग्रामसेवक मेहुण्याच्या लग्नाला गेले होते आणि नोंदवही त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. मी हे सांगितलं. कचेरीत लोक मला येऊन अशीच कारणं सांगतात, तेव्हा मी कसा चेहरा करतो ते त्या दिवशी मला निरीक्षकांच्या चेहऱ्यावर दिसलं. तो चेहरा फार वाईट असतो.

"दाखला नंतर आणून द्या," ते म्हणाले. "पण हा माल सोडता येणार नाही. मानवी सेवनास अयोग्य. जप्त करून आजच नष्ट करावा लागेल. नाश करायची तजवीज मालकानं करायची असते."

"मालक म्हणजे?"

"तुम्ही."

सितारामनं कढईतला खवा परत डब्यांत भरला आणि आपली हातगाडी दिली. आम्ही आधी नगरपालिकेच्या कचऱ्याच्या जागेवर गेलो. तिथला मुकादम डबे बघून म्हणाला, "खराब माल हितं टाकता येत न्हाई. मुख्याधिकारी साहेबाचा हुकूम लागतो." कचऱ्यात चांगला माल टाकायला काय लागतं, असं मी विचारणार होतो, पण निरीक्षक म्हणाले, नदीकडं पडीक जमीन आहे तिथं पुरू. निरीक्षक पुढं, शिपाई मागं, मध्ये मी गाडी ढकलतोय आणि शेजारून सिताराम कुदळ घेऊन चाललाय, अशी आमची मिरवणूक गंगाखेडातून निघाली. बंद असल्यामुळं लोकांना दुसरं काम नव्हतं. सगळे ओट्यावर येऊन बघत होते.

खड्डा मीच खणला. शिपायाची कंबर धरली होती, निरीक्षकांचं ते काम नव्हतं, आणि सितारामला मी कुदळ देईना. माझ्यापायी त्या माणसाला आणखी किती राबवायचं. वैशाखातली काळी जमीन, कुदळ मारली की नुसती वाजायची. घाटावरचा न्हावी तिथून चालला होता. यानंच दोन दिवसांपूर्वी माझं डोकं केलेलं. तो थबकला.

"गिरामसाहेब, तुमचं तर परवाच झालं. आता आणि कोण?"

"खवा," मी कुदळ मारत म्हणालो.

तो जरा घुटमळला. "जवळचे होते का?" एवढं विचारून, उत्तर न मिळाल्यानं मान खाली घालून निघून गेला.

खव्यावर फिनेल ओतायचं असतं, म्हणजे पुन्हा कुणी उकरून खात नाही. निरीक्षकांच्या जीपमधली फिनेलची बाटली उन्हानं आटून गेली होती. दुकानं बंद. शेवटी सिताराम परत जाऊन स्टोव्हचं रॉकेल घेऊन आला. तोपर्यंत कडेला बरीच माणसं जमली होती. त्यात शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी होती, भिवराबाई. ती खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहिली.

"काय करायलाव साहेब हे?"

"खवा आहे बाई. खराब झालाय. पुरायलोय," मी म्हणालो.

"एवढं दूध मातीत घालायलाव?" तिनं डब्यात डोकावलं. "वाटीभर द्या की मला. घरी नातवं हायत."

"आजारी पडतील," निरीक्षक म्हणाले.

"आजारी तसं बी पडत्यात."

यावर निरीक्षकांकडं काही कलम नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "मागच्या आठवड्यात एक बाई गेल्या, तुमच्याएवढ्याच होत्या. मी देऊ शकत नाही." हे ते कायदा सांगतात त्या आवाजात बोलले नाहीत. तेव्हा मला कळलं की त्या गेलेल्या म्हातारीच्या घरी हे जाऊन आले असणार.

मी डबे खड्ड्यात पालथे केले. खवा पडताना आवाजसुद्धा झाला नाही. सितारामनं रॉकेल ओतलं. भिवराबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली, जणू कुणाला तरी पोचवायला आली होती.

पंचनाम्याला दोन पंच हवे होते. एक सिताराम. दुसऱ्याची शोधाशोध सुरू झाली तशी जमलेली माणसं पांगली. सरकारी कागदावर सही करायची म्हटलं की आमच्याकडं सगळ्यांना घरची कामं आठवतात. उरली भिवराबाई. निरीक्षकांनी तिला वाचून दाखवलं, की सदर माल खाण्यास अयोग्य असल्याचं आम्ही पंचांनी समक्ष पाहिलं.

"खाल्ल्याबिगर कसं सांगू मी?" ती म्हणाली.

निरीक्षकांनी शाईची डबी उघडून धरली. मग तिनं स्वतःच अंगठा पुढं केला. "लावा. तुमी म्हणायलाव तर नसंल चांगला." अंगठ्याची शाई शेळीच्या पाठीला पुसून ती गेली.

निरीक्षकांनी माझं नाव, वडिलांचं नाव, गाव असं सगळं विचारून घेतलं. कार्बन जुना होता, मांडीवर कागद ठेवून लिहीत होते. निघताना म्हणाले, "वडिलांचं ऐकून वाईट वाटलं." दिवसभरात एवढंच वाक्य कुणी काही सल्ला न देता बोललं होतं. मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

संध्याकाळी वरून निरोप आला आणि गाड्या सुटल्या. रिकामे डबे घेऊन मी सावरगावात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगाला रॉकेलचा वास. अंगणात चुलवण खणून झालेलं, भांडी मांडलेली. बन्सीभाऊनं डबे उचलून बघितले. ते हलके लागले.

"खवा कुठाय?"

"पुरला."

"कुठं?"

"गंगाखेडात. नदीच्या अंगाला."

त्यानं एक डबा नाकाशी नेला. "आबाला सोडलं तिथं?"

"त्याच्या जरा अलीकडं."

त्यानं डबे खाली ठेवले. "जा, आंघोळ कर," म्हणाला आणि लापशीचे गहू किती घ्यायचे ते सांगायला आत गेला. सुमननं मला पाणी काढून दिलं. तीही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेरवी झाली. लापशी चांगली झाली होती. पण बातमी माझ्याआधी गावात आली होती. पहिल्या पंगतीत लोक म्हणत होते, की धाकट्याचा खवा पकडला. दुसऱ्या पंगतीपर्यंत धाकट्यालाच पकडल्याचं झालं. शेवटच्या पंगतीत एक पाहुणे लापशीचा घास हातात धरून मला म्हणाले, "ह्यात तर तुमचं काही न्हाई ना?" मी "नाही" म्हणालो, तेव्हा त्यांनी खाल्लं. नोकरीवाल्या पोरानं काय केलं, हे अशा रीतीनं सगळ्या गावानं पंगतीत बसून बघितलं. मी वाढायला उठलो तर लोक द्रोणावर हात आडवा धरू लागले. मग बन्सीभाऊनं माझ्या हातातली बादली घेतली आणि मला पाणी वाढायला लावलं.

परभणीला परतल्यावर व्यंकटराव म्हणाले, "मी तुम्हाला पूर्णेचा म्हटलं होतं, पण उन्हाळ्यात घ्या असं कुठं म्हटलं होतं?"

महिन्यानं मासिक श्राद्धाला मी पुन्हा गावी गेलो. सकाळी मी आणि बन्सीभाऊ ओसरीवर बसलो होतो. दोघांच्या डोक्यावर सारखेच केस उगवलेले. आमचं बोलणं अजून पेरणी, पाऊस एवढ्यापुरतंच होतं. माय आत ज्वारी पाखडत होती. नवीन पोस्टमन आला, बदलून आलेला, कुणाला न ओळखणारा. त्यानं दारातून मोठ्यानं हाक मारली.

"सूर्यभान गिराम आहेत का घरात?"

आम्ही दोघं काही बोलणार, एवढ्यात आतून मायचा आवाज आला. "शेताकडं गेलेत. येतीलच आता. बसा."

सुपाचा आवाज थांबला.

पोस्टमन म्हणाला, "सही लागते. रजिस्टर आहे." मी सही केली. पाकीट न्यायालयाचं होतं. निरीक्षकांच्या कार्बनवर माझं नाव पुसट आणि आबांचं ठळक उमटलं असावं. टायपिस्टानं जेवढं दिसलं तेवढं घेतलं होतं. खराब खवा बाळगल्याबद्दल खुलासा द्यायला आबांना गंगाखेडला बोलावलं होतं. पुढं ग्रामसेवकाकडून दाखला मिळवून मी तो हजर केला, निरीक्षकांनी सांगायचं ते सांगितलं, आणि प्रकरण मिटलं. पण ते नंतर.

माय बाहेर आली. हाताला कोंडा लागलेला. उंबऱ्यात बसली. "काय म्हणून बोलवायलेत त्यांला?"

"खवा नासला म्हणून."

"त्यांनी तर बघितला बी न्हाई."

"चूक झालीय माय. माझ्या जागी त्यांचं नाव पडलंय."

बन्सीभाऊ म्हणाला, "आबाला घेऊन जायचं म्हणलं तर आधी नदीतून शोधावं लागंल." असं म्हणून तो हसला. आबा गेल्यापासून त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं. मीही हसलो. मग बैलांना पाणी दाखवून येतो म्हणून तो उठला आणि गोठ्यात गेला. बैल त्या वेळी रानात होते.

माय कागदाकडं बघत होती. तिला वाचता येत नाही.

"त्यांला काय म्हणलंय त्याच्यात? नाव कसं घातलंय?"

मी वाचलं. "श्री. सूर्यभान गिराम, राहणार राणीसावरगाव, यांस कळविण्यात येते की..."

"पुढचं राहू दे," माय म्हणाली. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. आयुष्यभर मी लोकांना नोटिसा पाठवत आलो. त्या कुणी ऐकत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माय भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती.

"गावाचं नाव बी हाय ना?"

"आहे."

"मग तिथपर्यंतच. पहिल्यापासून वाच," ती म्हणाली.